बसते म्हणून जोडू नये

कॉम्प्युटरचं झाकण काढलं की लोकांना आत हिरवी पाटी दिसते, पंखा दिसतो. मला आधी वायरी दिसतात. पिवळी, लाल, काळी, नारिंगी. काम सोडून वर्ष होत आलं तरी कुणाच्या घरी उघडी पेटी दिसली की नजर तिकडंच जाते.

मी चौथी शिकले, कवठे येमाईला. पुढं शाळा नाही. शेतात राबले, नवरा गेला, मग एमआयडीसीतल्या एका वायरींच्या कंपनीत लागले. तिथं आम्ही बायका वायरीच्या टोकाला पिना दाबायचो. वायरीचं साल काढायचं, तांब्याचे केस एकत्र पिळायचे, पिनेत घालायचे, मशीननं दाबायचं आणि ओढून बघायचं. ओढून निघाली तर आपलं काम कच्चं. बाईचं बोट चुकलं की सुपरवायझर वायर तिच्या पुढ्यात आणून टाकायचा, तोंडानं काही बोलायचा नाही. अकरा वर्षं ते केलं. कंपनीनं तो विभाग दुसरीकडं हलवला तेव्हा माझी भाची संगीता म्हणाली, "मावशी, माझ्या दुकानात ये. मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, पण वायरीचा कंटाळा येतो." तिचं शिरूरला एसटी स्टँडपासून जवळच दुरुस्तीचं दुकान. तिथं मला एक टेबल, एक मीटर आणि एक दिवा मिळाला. माझं इंग्रजी पिनांवरच्या खुणांपुरतं. तेवढ्यावर निभावलं.

संगीतानं हे लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या कामात सांगण्यासारखं काय आहे? मग आठवलं, की इतक्या वर्षांत मला जेवढं नवल वाटलं तेवढं देवळातही वाटलेलं नाही. ते सांगते.

आधी काम काय ते सांगते. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला चालत नाही, फार जोराची असते. म्हणून पेटीत एक लोखंडी डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. तो त्या विजेचे लहान लहान वाटे करतो. पिवळ्या वायरीत बारा व्होल्ट, लाल वायरीत पाच, काळीतून वीज माघारी येते. पिवळीचा वाटा पंख्यांना आणि डिस्क फिरवायला, लाल वायरीचा डिस्कच्या डोक्याला. दोन्ही वायरी एकाच तोंडात शेजारी शेजारी बसतात, पण एकीचं दुसरीला चालत नाही.

आता पेच असा, की जुन्या डब्याची तोंडं वेगळी आणि नव्या डिस्कची वेगळी. जुनं तोंड चार जाड पिनांचं, नवं चपटं, जिभेसारखं. मग मधे एक तुकडा लावतात, एका बाजूनं जुनं, दुसऱ्या बाजूनं नवं. तोच ॲडॅप्टर. दिसायला वीतभर वायर. लोकांना वाटतं, वायर तर आहे, हिला काय होतंय?

काय होतं ते मी दौंडला बघितलं. तिथं एका सरांचे कॉम्प्युटरचे क्लास होते. फोन आला, की एका पेटीतून जळका वास येतो. मी गेले. पेटी उघडली तर ॲडॅप्टरचं चपटं तोंड तपकिरी झालेलं, पुरणपोळी तव्यावर विसरावी तसं. सर म्हणाले, "मावशी, डिस्क खराब असेल. ॲडॅप्टर तर तुमच्याच दुकानातला आहे."

दुकानातला होता. मीच दिला होता.

मी ब्लेडनं त्याचं प्लास्टिक उभं चिरलं. तो साच्यात ओतलेला होता. म्हणजे वायरी साच्यात ठेवायच्या आणि वरून गरम प्लास्टिक ओतायचं. ओतताना वायरी सरकतात, आणि सरकल्या तरी बाहेरून कळत नाही. आत पिवळीचा एक केस काळीच्या अगदी अंगाला लागायला आलेला. मधे कागदाएवढं प्लास्टिक. रोज थोडं तापून ते मऊ होत गेलं आणि एक दिवस केस केसाला भेटला. मी सरांना दिवा धरायला सांगितलं आणि दाखवलं. सरांनी दिवा जवळ आणून बघितलं. मग म्हणाले, "एवढ्याशा जागेवर दोन वर्षं चाललं?"

मलाही तेच वाटलं होतं. जळाला याचं नवल नाही, इतके दिवस तगला याचं नवल. माणसं आपल्याला सांभाळून घेतात तसं प्लास्टिकनंही घेतलं होतं. आणि माणूस असो की प्लास्टिक, सांभाळून घेणाऱ्यावर किती दिवस काढायचे?

त्या दिवसापासून दुकानात ओतीव तोंडाचा ॲडॅप्टर ठेवला नाही. पिन वेगवेगळी दाबलेला, मागून बघता येणारा, तोच ठेवला. गिऱ्हाईक दुसरीकडं स्वस्तात मिळतो म्हणालं तर मी सांगायचे, घ्या तिथं, पण मग वास आला की तिथंच जा. बसवताना प्रत्येक वायर हलक्या हातानं ओढून बघायची. एका तोंडातून चार डिस्कांना फाटे फोडायचे नाहीत, बारक्या पाटाला चार दांड काढले तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही आणि पहिला फुटतो. चित्रांचं जाड कार्ड, ज्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात ते, असेल तर त्याला ॲडॅप्टरवर भागवायचंच नाही, त्याच्यासाठी वायर असलेला मोठा डबा घ्यायचा. आणि तासाभरानं हात लावून बघायचं. गरम लागला तर काढा. ऊबदार लागला तरी काढा.

एवढं सगळ्यांना सांगायचे. एका माणसाला मात्र सांगितलं नाही.

न्हावऱ्याचे एक आप्पा होते. विहिरीतल्या जळालेल्या मोटारी काढायचे, भरायचे म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायचे, परत सोडायचे. आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव. मोटार पाण्यात उतरली की आप्पा पाइपाला कान लावून सांगायचे, की बेअरिंग अजून किती दिवस जाईल. त्यांची सून रूपाली लग्नांचं शूटिंग करायची. कॅमेरा चालवायची आणि घरी बसून सगळं जोडून फिल्म करायची. गावात आधी लोक हसले, बाईमाणूस मांडवात कॅमेरा घेऊन नाचतंय म्हणून. मग लोकांच्या लक्षात आलं, की बायकांमध्ये ती सहज जाते. हळद लावताना, नवरीला साडी नेसवताना पुरुष कॅमेरावाल्याला बाहेर उभं राहावं लागायचं, हिला नाही. दौंड तालुक्यातूनही बोलावणी यायला लागली. आप्पांनी घरातली बियाण्याची खोली रिकामी करून तिला दिली होती.

तिच्या कॉम्प्युटरचा डबा वीज पडली तेव्हा गेला. आप्पा स्वतः दुकानात आले. मी नवा एसएमपीएस दिला, सुट्या केबलींचा. म्हणजे डब्याला केबली कायमच्या चिकटलेल्या नसतात, दोन्हीकडून काढता घालता येतात. वेगळ्या कंपनीचा होता. खोक्यात त्याच्या केबली पिशवीत बांधलेल्या होत्या.

मी म्हणायला गेले, "आप्पा, ह्याच्या वायरी..."

आप्पा म्हणाले, "वायरींचं मला शिकवता व्हय? आवं, माझं केस वायरीतच पांढरं झालं."

मी गप्प बसले. माझं तोंड साऱ्या शिरूरला ठाऊक आहे, पण त्या दिवशी बंद राहिलं. वयानं मोठा माणूस, आणि माझ्या भावाच्या विहिरीवरची मोटार त्यांनीच दोनदा वाचवलेली. संकोच वाटला. आजही वाटतं, नेमका तेव्हाच का वाटावा?

चार दिवसांनी सकाळी रूपाली एसटीनं आली. पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आली होती. मागं आप्पा. संगीतानं पेटी टेबलावर घेतली.

"काय झालं?" मी विचारलं.

"नवा डबा बसवला, चालू केलं. खट्ट झालं आन् वास आला," रूपाली म्हणाली. "आता सुरू व्हतं, पण डिस्कच दावत न्हाई."

"बसवला कुणी?"

"मीच."

आप्पा बाहेर एसट्यांकडं बघत होते.

मी झाकण काढलं. हिरव्या पाटीला जाणारी मोठी केबल नवी होती. डिस्कांची केबल जुनीच, पहिल्या डब्याची. नीट आवळून काळी टेप मारलेली, आणि टेपेचं टोक दुमडून छोटी जीभ ठेवलेली. मोटारीवाले तशी ठेवतात, ओल्या बोटांना टोक सापडावं म्हणून. मी रूपालीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. 

इथं थोडं समजावून सांगते. डिस्ककडची तोंडं सगळ्या जगात सारखी असतात. डब्याकडची तोंडं मात्र ज्याची त्याची वेगळी. आकार तोच, कडा त्याच, आत वायरींचा क्रम वेगळा. एका कंपनीनं जिथं पाच व्होल्ट ठेवले तिथं दुसरीनं बारा ठेवले. केबल टचकन बसते, खटका लागतो, आणि चालू केलं की पाच मागणाऱ्याच्या घशात बारा जातात. मोठी केबल बसली नाही म्हणून बदलली. डिस्कांची बसली म्हणून ठेवली.

आणि विहिरीवर हेच बरोबर असतं. मोटार जळली तर मोटार बदलतात, केबल तीच ठेवतात. एवढी लांब चांगली केबल कोण फेकेल? जोडताना दोन वायरी उलट लागल्या तर मोटार उलटी फिरते, पाणी कमी येतं, मग त्या दोन बदलायच्या. झालं. मोटार माफ करते. आप्पांनी जन्मभर माफ करणाऱ्या यंत्रांबरोबर काम केलं होतं.

"डिस्कवर काय होतं?" संगीतानं विचारलं.

"अकरा लग्नं," रूपाली म्हणाली. "अजून दिली न्हाईत."

"कॅमेऱ्याच्या कार्डात असतील की."

"कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरत्यात. एवढी कार्डं कुठली आणायची?"

"मग दुसरीकडं कॉपी?"

"हाय ना. दुसऱ्या डिस्कवर."

"ती कुठंय?"

"त्यातच."

संगीतानं कपाळाला हात लावला. दोन्ही डिस्का एकाच पेटीत, एकाच केबलीवर. एका खटक्यात दोन्ही.

रूपाली म्हणाली, "मावशी, एक लग्न गेलं तरी बभ्रा व्हतो. अकरा गेली तर मला कोण मांडवात उभं करील? म्हणतील, बाईच्या हातात दिलं, बाईनं जाळलं."

ती रडली नाही. मला ते बरं वाटलं, रडणाऱ्या माणसासमोर माझा हात चालत नाही.

मी मीटर घेतला. पहिली डिस्क उघडून तिची पाटी पालथी केली तर मधला काळा चौकोन फुटलेला, आत राख. ती बाजूला ठेवली. दुसरीच्या पाटीवर डाग नव्हता. पाच व्होल्टच्या जागी मीटरचं टोक लावलं, दुसरं काळीच्या जागी. मीटर सलग वाजत राहिला. म्हणजे तिथं वीज पुढं जातच नव्हती, दारातूनच माघारी येत होती.

मला आनंद झाला. आप्पांना वाटलं बाईला वेड लागलं.

कंपनीत असताना एक कारागीर होता, मुझफ्फरपूरकडचा. जळलेल्या पाट्या दुरुस्त करायचा. त्यानं एकदा मला भिंग देऊन दाखवलं होतं. डिस्कच्या दारात तांदळाच्या कणीएवढा एक काळा तुकडा असतो. रोज त्याला काहीच काम नसतं. वीज नीट असेल तर तो नुसता उभा. वीज जास्त आली की ती तो स्वतःच्या अंगावर घेतो, जळतो, आणि जळताना दार बंद करतो. तो म्हणाला होता, "मौसी, ये छोटावाला मर गया, तो बडावाला बच गया समझो. लेकिन हमेशा नहीं."

ते "हमेशा नहीं" मी रूपालीला सांगितलं. "हा तुकडा काढला तर दार उघडेल. आतलं शाबूत असेल तर डिस्क फिरेल. आत जळलं असेल तर पुन्हा वीज देऊन मीच ती मारीन. दुसरा मार्ग म्हणजे हात न लावता पुण्याला मोठ्या ठिकाणी पाठवणं. ते उघडून बघतील, वेळ लागेल, देतील की नाही सांगता येत नाही. तू सांग."

तिनं आप्पांकडं बघितलं.  मग तिनं माझ्याकडं बघितलं. "काढा."

मी चष्मा बदलला. इस्त्री तापवली, म्हणजे आमची सोल्डरची, कपड्यांची नव्हे. चिमट्यात तो तुकडा धरला आणि दोन्ही बाजूंना ऊब दिली. निघाला. पुसून कागदावर ठेवला. फुंकर मारली असती तर हरवला असता. दुकानातल्या डब्याच्या केबलीवर आधी मीटर लावून पाच आणि बारा आपल्या जागी आहेत ते दोनदा बघितलं. मगच डिस्कला लावली आणि संगीताला म्हटलं, "दे."

आधी काही नाही. मग बारीक आवाज आला, गिरणी लांबून ऐकू यावी तसा. डिस्क फिरायला लागली होती. आणि माझ्या आधी आप्पा पुढं आले. त्यांनी वाकून डिस्कजवळ कान नेला, पाइपाला लावायचे तसा.

"फिरतीय," ते म्हणाले. "बेअरिंग नीट हाय."

त्या दिवशी दुकानात ते पहिल्यांदा बोलले.

पडद्यावर नावं उमटायला लागली. आडनावं, गावं. मी वायरीतली बाई, पडद्याकडं कधी फारसं बघत नाही. पण त्या दिवशी बघितलं. एका डबीएवढ्या लोखंडात इतके मांडव, इतक्या अक्षता, इतक्या पाठवणीतल्या आया, आणि त्या सगळ्यांच्या आणि विजेच्या मधे एक कणी उभी होती. ती कुणी तिथं ठेवली? लांब कुठल्या तरी देशात एखाद्या माणसानं विचार केला असेल, की कधी तरी कुणी तरी चुकीची वायर जोडेल. ज्याला त्यानं बघितलं नाही, ज्याची भाषा त्याला येत नाही, त्याची चूक त्यानं आधीच धरून ठेवली होती. मला हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत, डिस्क बंद करता येत नव्हती आणि हात तिच्या केबलीवर होता.

दुपारभर कॉपी चालली. कुणी जेवायला उठलं नाही. चार वाजता संगीतानं मोजलं. दहा लग्नं.

"अकरावं?"

रूपालीनं ओठ चावला. "राहू गावचं. त्याची कॉपी करायची राहिलीती. ते पहिल्या डिस्कवर."

ती डिस्क आम्ही पुण्याला पाठवली. महिन्यानं परत आली, होत नाही म्हणून.

राहूला सांगायला जाणं भाग होतं. मीही निघाले. गप्प मी बसले होते, तेव्हा बोलणी खायलाही मी असायला हवं होतं. दोन एसट्या बदलून आम्ही तिघं गेलो. नवरीची आई ओसरीवर कांदे निवडत होती. रूपालीनं सांगितलं. बाईचा हात थांबला.

"सासूबाईला खाटंवर मांडवात आणलीती," ती म्हणाली. "नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या तिनं. पंधरा दिवसांनी गेली. ते बघायचं म्हणून पोरगी रोज फोन करती. आन् तू म्हणतीस जळलं?"

"माझ्या हातनं झालं," रूपाली म्हणाली.

"बाईमाणसाच्या हातात दिलं तवाच लोक म्हणलं हुतं मला..."

मी तोंड उघडलं. "बाई, डबा मी दिला. केबली बदला एवढं सांगायचं माझं काम होतं. सांगितलं नाही."

"तुमच्या सांगण्यानं कायबी झालं नसतं," आप्पा म्हणाले. ते उभे राहिले होते. ओसरीत आता घरातली चार माणसंही येऊन थांबली होती, शेजारचा एक जण कुंपणाशी. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. या माणसाला मी कुणापुढं टोपी काढताना बघितलं नव्हतं.

"हिनं न्हाई जाळलं. हिनं हातबी लावला न्हाई. खोक्यात कागद हुता, इंग्रजी. हिनं मला दोनदा वाचून दावला. आप्पा, सगळ्या केबली बदला म्हणत्यात. म्या म्हणलं, गप बस, तुला काय कळतंय. म्या जोडलं, म्या जाळलं. आन् दुकानात ही म्हणली मीच बसवलं, तवा म्या तोंड फिरवून एसट्या मोजीत हुतो."

 नवरीची आई रूपालीकडं वळली. "मग तू का म्हणलीस?"

"घरचं माणूस हाय," रूपाली म्हणाली.

बाईनं पुन्हा कांदा उचलला, बघितला, खाली ठेवला. "माझा राग जायचा न्हाई. सांगून ठिवते."

"बरोबर हाय तुमचं," आप्पा म्हणाले.

"पाव्हण्यांच्या मोबाइलात असंल काय तरी सासूबाईचं. गोळा करून देते, त्यातनं जमंल तेवढं कर." मग ती म्हणाली, "धाकटीचं माघात हाय. कॅमेरा घेऊन येशील का न्हाई?"

 रूपाली आप्पांकडं वळली, आणि आजवर ज्या आवाजात मी तिला सासऱ्याशी बोलताना ऐकलं नव्हतं त्या आवाजात म्हणाली, "येते. पर आप्पा, इथनं पुढं माझी पेटी मीच उघडीन."

आप्पांनी टोपी अजून घातली नव्हती.

"व्हय," ते म्हणाले.